दहा जण लागतात



येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावू. २०१८ साली याच तारखेला अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या 'पोस्ट-गॅझेट' या दैनिकाने पहिल्या पानावर मथळ्याच्या जागी एका प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द हिब्रू लिपीत छापले. ती 'कद्दिश' होती. यहुदी लोक घरात मृत्यू झाल्यावर म्हणतात ती प्रार्थना.

सहा दिवसांपूर्वी, २७ ऑक्टोबरला, शब्बाथाच्या सकाळी तेथील 'ट्री ऑफ लाइफ' सभास्थानात एका बंदूकधाऱ्याने ११ भाविकांना ठार केले होते. त्यांत ९७ वर्षांच्या एक आजी होत्या. यहुदी लोक निर्वासितांना मदत करतात, हाही त्याचा राग होता.

यहुदी घरात मृत्यू झाला की जवळचे नातलग सात दिवस बुटक्या आसनांवर बसतात. भेटायला येणाऱ्याने स्वतःहून बोलायला सुरुवात करायची नसते. दुःखी माणूस बोलेल तेव्हाच बोलायचे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडले आणि बिघडले! मीही त्यांच्यातलाच. एका घरी तरुण मुलगा गेला होता. सेमिनरीत शिकलेले सगळे तत्त्वज्ञान मी त्या आईपुढे मांडले. ती शेवटी एवढेच म्हणाली, "फादर, पाणी घ्या."

कद्दिशमध्ये मृत्यूचा उल्लेखच नाही. आहे ती फक्त देवाच्या नावाची स्तुती. ज्याच्या बापाला प्रार्थनेच्या जागी गोळी घातली, त्याच्या तोंडून ती निघायची कशी? म्हणून ती एकट्याने म्हणायची नसते, किमान दहा जण लागतात. त्याचा आवाज अडला तरी बाकीचे 'आमेन' म्हणत राहतात.

पिट्सबर्गमध्ये हल्ल्याच्या रात्रीच जवळच्या प्रेस्बिटेरियन चर्चपाशी सर्व धर्मांचे लोक जमले. मुस्लिम बांधवांनी दोन लाख डॉलर्सहून अधिक रक्कम उभी केली. पुढच्या शनिवारी अनेक ख्रिस्ती लोक सभास्थानांत जाऊन बसले.

आपण मात्र या द्वेषाकडे परक्यासारखे पाहू शकत नाही. शतकानुशतके आपल्याच पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांबद्दल एक कठोर शब्द होता. तो पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढला. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असे व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी लहानपणी 'ज्यूंनी येशूला मारले' हेच ऐकले आणि बिनदिक्कत म्हटले. येशू स्वतः यहुदी, मरियामाता यहुदी, हे त्या वयात कुणी ठासून सांगितले नाही. आपल्या मुलांना आपण काय सांगतो, हे धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी व आईवडिलांनी या आठवड्यात तपासून पाहावे.

२ नोव्हेंबरच्या मिस्सात त्या ११ जणांसाठीही प्रार्थना होईल. यंदा ज्या घरांत मृत्यू झाला तेथे त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आपण जाणार आहोत. प्रत्येक घरी निदान दहा जण हवेत. येणाऱ्यांनी मिस्सानंतर माझ्याकडे नावे द्यावीत. तिथे भाषण होणार नाही, माझेसुद्धा नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू