आपलीच वस्तू सोडवताना

आमच्याकडे दूध घालणाऱ्या काकांची मोपेड चोरीला गेली आणि बाराव्या दिवशी सापडलीसुद्धा. पोलिसांनी चोर पकडला, गाडी ठाण्यात आणली, पंचनामा केला. ती काकांच्या हातात पडायला मात्र पुढचे चौदा महिने गेले. तोवर ते दुधाचे कॅन भाच्याच्या सायकलला अडकवून फिरत होते.

अर्ज लिहायला मदत म्हणून एकदा मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. मागच्या आवारात कडुनिंबाखाली पन्नास-साठ वाहने एकमेकांवर रेलून उभी. काकांची मोपेड तिसऱ्या रांगेत. सीटचं रेक्झिन फाटून आतला स्पंज उंदरांनी नेलेला, बॅटरीच्या जागी दोन मोकळ्या वायरी, हेडलाइटच्या काचेआड कुंभारमाशीचं घर. हँडलला सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं. त्यावरचा गुन्हा नंबर पावसाने धुऊन नेला होता, पंचांच्या सह्यांचे निळे डाग तेवढे उरलेले. हवालदार माणूस म्हणून चांगला होता. म्हणाला, "काका, गाडी तुमचीच आहे, नाही कोण म्हणतंय? पण आता ती मुद्देमाल आहे."

त्या "पण"मध्ये सगळं आलं.

आपण म्हणतो, गाडी सोडवायला गेलो होतो, दागिने सोडवून आणले. हाच शब्द आपण सावकाराकडच्या गहाणासाठी वापरतो. गहाण ठेवणाऱ्याने निदान पैसे घेतलेले असतात. चोरी झालेल्याने काय घेतलं होतं? तरी त्याने वकील लावायचा, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा, पोलिसांच्या म्हणण्यासाठी तारखा मोजायच्या, बंधपत्र द्यायचं. मध्ये कुठेतरी चहापाणीही होतं. ते कुठल्या रजिस्टरला येत नाही. जप्त केलेली वस्तू ही नागरिकाने राज्याकडे सोपवलेली ठेव आहे, आणि ठेव खराब करणाऱ्याला आपल्याकडे चांगलं नाव नाही.

कायदा अपुरा आहे म्हणावं, तर तसंही नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगून ठेवलं की, वस्तूंचा सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि त्या परत द्या. पंधरा दिवस ते महिना, याहून जास्त काळ त्या ठाण्यात ठेवू नका. वाहने वर्षानुवर्षे ठाण्यात उभी करून काही उपयोग नाही, हेही त्याच निकालात आहे. त्या खटल्यातले आरोपी कोण होते, तर पोलीस. मुद्देमालातल्या वस्तू बदलल्या, ठाण्यात ठेवलेल्या रकमेचा अपहार केला, परवानगीशिवाय लिलाव केला, असे त्यांच्यावर आरोप होते.

त्याआधी 1977 साली सर्वोच्च न्यायालयापुढे जुन्या म्हैसूर राज्यातल्या एका बाईंचं प्रकरण आलं होतं. त्यांचे चोरीला गेलेले दागिने सापडले, न्यायालयापुढे आले आणि पुन्हा पोलिसांच्या ताब्यात पेटीत बंद झाले. पेटी उघडली तेव्हा आत दगड निघाले. न्यायालयाने राज्याला त्या बाईंना 10,000 रुपये द्यायला लावले. (दगड तरी टिकाऊ. 2022 मध्ये मथुरेच्या पोलिसांनी न्यायालयाला सांगितलं की जप्त केलेला 581 किलो गांजा उंदरांनी खाल्ला.)

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर दिवसच मोजून दिले आहेत. वस्तू न्यायालयापुढे आली की चौदा दिवसांत तिचं वर्णन करायचं, फोटो आणि गरज पडल्यास चित्रफीत काढायची, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिचं काय करायचं ते ठरवायचं. खटल्यात हा फोटो पुरावा म्हणून चालतो. म्हणजे मोपेड पुराव्यासाठी कुजवावी लागते, या सबबीत आता दम नाही.

मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनाची बाजूही ऐकायला हवी. खोली दहा बाय बारा, त्यात कोयते, रक्ताचे कपडे, दारूचे कॅन, मोबाईल, सोन्याच्या पुड्या. बदली झाली की शेकडो वस्तू रजिस्टरशी ताडून पुढच्याला चार्ज द्यायचा. एक अंगठी कमी भरली तर चौकशी याची. वस्तू लवकर परत केली म्हणून कुणाला शाबासकी मिळाल्याचं ऐकिवात नाही. पडून राहिली म्हणून कुणावर कारवाई झाल्याचंही नाही. मग तो कशाला घाई करील? त्याचा आळस आपण शिकवलेला आहे.

बेवारस मालाचं आणखी वेगळं. कायद्याने जाहीरनामा काढून हक्क सांगायला सहा महिने द्यायचे, कुणी आलं नाही तर लिलाव करून पैसे सरकारजमा करायचे. जाहीरनामा निघतो, पण तो लागतो ठाण्याच्या फलकावर, नाहीतर छापून येतो बारीक टायपात नुसते वाहन क्रमांक होऊन. नाशिकला चोरीला गेलेली गाडी सोलापूरच्या फलकावर असेल, तर मालकाने रोज सोलापूरला जायचं का? हरवलेला मोबाईल देशभरात शोधण्याची सोय सरकारला जमली. मग प्रत्येक ठाण्यातल्या बेवारस वस्तूंची फोटोसह यादी सगळ्यांना घरबसल्या पाहता येईल, अशी का ठेवू नये? खोटा हक्क सांगणारे येतील म्हणून एखादी खूण झाकून ठेवावी. एवढं केलं तर किती "बेवारस" गाड्यांना वारस निघतील!

उलट आपल्याकडे काय होतं? जानेवारीत पोलीस रेझिंग डेच्या सुमारास मांडव पडतो, पाहुणे येतात आणि बायकांना त्यांचीच मंगळसूत्रं मंचावर बोलावून दिली जातात. फोटो निघतात, टाळ्या पडतात. चोर पकडणाऱ्यांचा सत्कार जरूर करा. पण जिचा दागिना आहे तिने हात जोडून तो का घ्यावा? आणि सापडल्याच्या दिवसापासून या दिवसापर्यंत तो होता कुठे, हे त्या मंचावर कुणी विचारत नाही.

आपण तरी कुठे विचारतो? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण मुलांना शहाणपण म्हणून शिकवतो. चोरीला गेलेलं गेलं, त्यावर पाणी सोडावं, हेही शिकवतो. ज्याला पाणी सोडणं परवडतं तो नवी गाडी घेतो. दूध घालणारा, भाजीवाली, वीटभट्टीवरचा मजूर, यांना परवडत नाही. तेच ठाण्याच्या बाकावर बसलेले दिसतात.

काकांनी मोपेड घरी नेली ती टेम्पोत घालून. दुरुस्तीचा आकडा मेकॅनिकने सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चोराकडे होती तेव्हा चालू होती हो." लेबल त्यांनी अजून हँडलवरून काढलेलं नाही. काढलं आणि उद्या पुन्हा कुणी विचारलं तर, म्हणतात.