दोन जागांचं विमान

गोवंडीत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बाल्सा कापायचा तर आधी फॅन बंद करावा लागतो. नाहीतर पंखाच्या फासळ्या उडून थेट कॉटखाली. अशा घामट रविवारी शेजारचा आठवीतला मुलगा आणि मी एचटी-२चं मॉडेल बनवत होतो. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये घडवलेलं हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१मध्ये पहिल्यांदा उडालं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत १०.७२ मीटर. आमचं मॉडेल एकास बारा, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर.

डावा पंख त्याने एकट्याने केला. प्लॅनवर टाचण्या टोचून एकेक फासळी चिकटवली, पण टोकाला पंख पिळला गेला. असा पंख मॉडेलला एका बाजूला कलवतो. तो घरी गेल्यावर मी रात्री दोनपर्यंत बसून तो पंख नव्याने केला. पुढच्या रविवारी त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"दादा, हा माझा नाही."

नंतर दोन रविवार तो आलाच नाही.

आधी मला राग आला. मी त्याचं भलंच केलं होतं ना? ऑफिसमध्येही मी हेच करतो. ज्युनिअरच्या कोडमधल्या चुका त्याला दाखवण्याऐवजी स्वतःच दुरुस्त करतो. वेळ वाचतो. याला मी मदत म्हणत होतो.

एचटी-२मध्ये एकामागे एक दोन जागा असतात आणि दोन्हीकडून विमान चालवता येतं. शिकणारा चुकला की प्रशिक्षक ताबा घेऊ शकतो. पण त्याने दरवेळी घेतला, तर शिकणारा नुसता प्रवासी. मग ताबा घ्यायचा कधी? चुकीची किंमत बघून, असं मला वाटतं. जीव जाणार असेल तर क्षणभरही थांबू नये. इथे काय जाणार होतं? थोडं लाकूड आणि एक रविवार. तरी मी थांबलो नाही, कारण वाकडं मॉडेल लोकांनी माझं म्हणून पाहिलं असतं. म्हणजे ती मदत मी मलाच केली होती.

परवा तो जिन्यात भेटला. सॉरी म्हणालो. दोन्ही पंख तूच कर, असंही सांगितलं.

"परत पिळला तर?"

"तर मैदानात कळेल."

रविवारी येतो म्हणालाय. टाचण्या, ब्लेड, गोंद त्याच्या बाजूला ठेवलेत. मला फक्त बसून राहायचंय, आणि तेच अवघड जाणार आहे.