पत्र्याखाली उभा राहून आभाळाला शिव्या

नाही, बसू नकोस. उभाच राहा. तू खुर्चीत टेकलास की तुझी कारणंही मांडी घालून बसतात.

"सर, नव्या फोनचं जीपीएस खराब आहे." काल संध्याकाळी हे वाक्य किती वेळा म्हणालास? मी मोजलं. सात वेळा. आठव्यांदा म्हणाला असतास तर मीही विश्वास ठेवला असता, कारण तुझी पद्धतच तशी आहे. शोधायचं काही नाही, एकच गोष्ट घोकत राहायची आणि समोरचा कंटाळून "हो बाबा" म्हणाला की सुटलो.

मी "हो बाबा" म्हणणार नाही.

आधी एक सांग. सोमवारी ई-पीक पाहणीच्या अॅपवर सोयाबीनची नोंद करायला बसलास तेव्हा कुठे होतास? शेतात? खरं सांग. तू गोठ्यात होतास. घरामागच्या गोठ्यात, पत्र्याखाली, म्हशीच्या शेजारी. तुझ्या आईनेच मला सांगितलं, आणि कौतुकाने सांगितलं, की पोरगं बसल्या जागी सगळं करतं. शेत तिथून दीड किलोमीटर. वाटेत ओढा, ओढ्यापलीकडे गुडघाभर चिखल. अॅप काय म्हणालं? तू निवडलेल्या गटापासून लांब आहेस. अरे, मग होतासच की लांब! फोन खरं बोलला म्हणून फोन खोटा? मंगळवारी परत गोठा. परत तेच उत्तर. आणि दोन दिवस खरं सांगणाऱ्या यंत्राला तू गावभर बदनाम करत फिरलास.

बुधवारी गेलास म्हणे शेतात. गेलास, मान्य. पण पाऊस भुरभुरत होता म्हणून मोटारीच्या शेडमध्ये शिरलास. शेड कशाची? पत्र्याची. परत पत्रा! तुझ्या पत्रिकेतच पत्रा लिहिलाय की काय? तिथून हात बाहेर काढून फोटो काढायला बघितलास आणि नकाशावरचा ठिपका कधी विहिरीत, कधी शेजाऱ्याच्या उसात उड्या मारायला लागला. मग ठरलंच. फोन बाद.

नाचता येईना त्याने अंगण वाकडं म्हणावं, त्याची मला कीव येते. तुला तर नाचता येतं. म्हणून तुझा राग येतो.

बारावीचं प्रॅक्टिकल आठवतं? मीटर ब्रिजचा प्रयोग होता आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलेना. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी काय केलं? सेलच बदल, वायरीच बदल, शेवटी उठून दुसऱ्याच टेबलावर जाऊन बसले. तू बसून राहिलास. एक वायर काढलीस, दुसरी लावलीस, काटा बघितलास, पहिली परत जागेवर ठेवलीस. मग पुढची. चौथ्या वायरीत सापडलं. वरून प्लास्टिक धड, आतलं तांबं तुटलेलं. तू ती वायर बोटांनी वाकवून मला दाखवलीस आणि म्हणालास, "सर, हिच्या पोटात दुखतंय." त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं की या पोराला डोकं आहे.

ते डोकं कुठल्या हप्त्यावर विकलंस?

परवा रात्री काय काय केलंस, माझ्याकडे यादी आहे, तूच अभिमानाने ऐकवलीस. 'जीपीएस बूस्टर' नावाची दोन अॅप उतरवलीस, ज्यांनी जाहिराती सोडून काही वाढवलं नाही. सिमकार्ड या खाचेतून त्या खाचेत घातलंस. फोन हवेत आठच्या आकड्यात फिरवलास, आरती ओवाळल्यासारखा. आणि शेवटी फॅक्टरी रीसेट! बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो गेले. गेले ना? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एका रात्रीत पाच गोष्टी बदलल्यास. समज, त्यातल्या एकीने काम झालंच असतं, तर कुठल्या एकीने झालं हे तुला कळलं असतं का?

आठच्या आकड्याचं तर मला हसू येतं. त्याने काय सुधारतं? फोनमधलं होकायंत्र. तोंड कुठल्या दिशेला आहे ते. उभा कुठे आहेस ते नव्हे. दिशा आणि जागा यात फरक असतो, हे मी तुला अकरावीत शिकवलं आणि तू त्यावर मार्क मिळवलेस. आता कुणीतरी व्हिडिओत फोन फिरवला म्हणून तूही फिरवायचा?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून २०,२०० किलोमीटरवर फिरतात. त्यांच्या प्रक्षेपकाची ताकद वीस-पन्नास वॉट, म्हणजे तुझ्या ओट्यावरच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी धर. ती लहर इथे पोचेपर्यंत तिचं काय उरतं? एका वॉटचे कोटी अब्ज भाग केले तर त्यातला साधारण एक. एवढी क्षीण कुजबुज फोनने ऐकायची, तीही एकाची नाही, निदान चार उपग्रहांची. तीन जागेसाठी आणि चौथा कशाला? बोल. घड्याळासाठी! फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. शाब्बास, आठवतंय तर. मग ही कुजबुज ऐकायला तू फोनला कुठे नेतोस? लोखंडी पत्र्याखाली. ढोलताशाच्या पथकात उभं राहून कानात सांगितलेलं ऐकू येत नाही म्हणणारा माणूस आणि तू, फरक काय?

"पण सर, ढग होते." ढगांचा इथे काही संबंध नाही. या लहरी ढगांतून, पावसातून सहज येतात. पत्र्यातून येत नाहीत. चिंचेच्या ओल्या दाट पानोळ्यातून येतात त्या दमून येतात. आणि भिंतीवर, पत्र्यावर आपटून आलेली लहर लांबच्या वाटेने येते, तेवढं अंतर फोन जास्त मोजतो. ठिपका उसात का उडी मारत होता, कळलं? तू शेडच्या दारात उभा होतास.

"आमच्याकडे रेंज नसते." हे तुझं कारण अर्धं खरं आहे, म्हणूनच सगळ्यांत वाईट. सबंध खोटं असतं तर तुलाच लाज वाटली असती. जीपीएसला रेंज लागत नाही. पण कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती इंटरनेट असेल तर फोन काही सेकंदांत उतरवून घेतो. नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यायची, आणि उपग्रह बोलतो सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाचा पत्ता नीट लिहून घ्यायला अर्धा मिनिट. सगळ्या उपग्रहांची जंत्री पुरी व्हायला साडेबारा मिनिटं. मधेच तू पत्र्याखाली गेलास की लिहिणं तुटलं, परत पहिल्यापासून. जुन्या फोनचं बस्तान बसलेलं होतं. याने अजून आभाळ बघितलेलंच नाही. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी डब्यांची जागा विचारतोस, तसं झालं हे. आणि तू? मोबाइल डेटा बंद करून, वीस सेकंद थांबून, "बघा, येत नाही." घरून निघताना दोन मिनिटं डेटा चालू ठेवून नकाशा उघडला असतास तर निम्मं रडगाणं वाचलं असतं.

"अमेरिका मुद्दाम चुकीचं दाखवते" असंही काल पुटपुटलास. ऐकलं मी. दाखवायची. सामान्य माणसाचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची. ते बंद केलं मे २००० मध्ये. तेव्हा तू पाळण्यात होतास. पंचवीस वर्षं शिळं कारण घेऊन माझ्या ओट्यावर येतोस? आणि आज तुझा फोन एकट्या अमेरिकेचं ऐकत नाही. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बेइदोऊ, सगळ्यांचं ऐकतो. आभाळात एवढे पाहुणे आलेत आणि यजमान गोठ्यात.

आता फोन दे इकडे.

हे काय? हे झाकणाचं कव्हर. चामड्याचं, लोहचुंबकाने चिकटणारं. मेव्हण्याने दिलं असेल, चांगलं आहे, लग्नात मिरव. होकायंत्राच्या शेजारी चुंबक ठेवलंस आणि मग आठचे आकडे काढत बसलास! आणि कव्हरच्या आत ही लोखंडी चकती कशाची? गाडीतल्या स्टँडला चिकटवायची. पाठीवर, वरच्या अंगाला, जिथे अँटेना असायची शक्यता जास्त, नेमकं तिथे लोखंड. गोठ्याचा पत्रा कमी पडला म्हणून खिशात छोटा पत्रा घेऊन फिरतोस.

बॅटरी १४ टक्के. बॅटरी सेव्हर चालू. त्यात फोन लोकेशनचं काम आखडतं घेतो, काही फोन तर पडदा विझला की बंदच करतात. रात्री झोपण्याआधी चार्जर लावायला काय कष्ट पडतात? रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघायला मात्र बॅटरी पुरते.

आणि आता घोडं पेंड कुठे खातंय ते बघ. सेटिंग. लोकेशन. अॅपची परवानगी. वाच. मोठ्याने वाच. "अंदाजे." याच्या शेजारी दुसरा पर्याय काय होता? "अचूक." अॅप पहिल्यांदा उघडलंस तेव्हा फोनने तुला सरळ विचारलं होतं, अंदाजे हवं की अचूक. तू न वाचता अंगठा टेकवलास. अँड्रॉइड बाराव्या आवृत्तीपासून हे विचारतं. तूही बारावी झालायस. त्याने प्रश्न विचारायला शिकून घेतलं, तू उत्तर द्यायचं विसरलास.

नकाशावर तुझ्या ठिपक्याभोवती हे फिकट निळं वर्तुळ दिसतंय? किती मोठं आहे बघ. देऊळ आलं, शाळा आली, ओढा आला, निम्मं गाव आलं. त्याचा अर्थ, "मी यातच कुठेतरी आहे, नक्की कुठे ते मला माहीत नाही." फोन किती प्रामाणिक आहे बघ! स्वतःला काय माहीत नाही ते गोल काढून दाखवतो. तू असं वर्तुळ कधी काढलंस का? तुझं आपलं एकच, "खराब आहे."

आता इथे टिचकी मार. अचूक. कव्हर काढ. चकती उचकट. अंगणात ये, पेरूपासून लांब. मध्यभागी. थांब. हलू नकोस. हं, बघ वर्तुळ. शाळा बाहेर गेली. देऊळ गेलं. आता माझं घर आणि तुझी मोटारसायकल. उघड्या आभाळाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत जागा सांगतो, आणि तुझ्या सोयाबीनच्या गटाला एवढं पुष्कळ झालं. बांधाचं भांडण मात्र यावर लढायला जाऊ नकोस. त्याला मोजणी लागते.

हसू नकोस. अजून संपलं नाही. कारण आपण आत्ता तीन गोष्टी एकदम बदलल्या, आणि हे मी मुद्दाम केलं. तू टोकतोस का ते बघायला. टोकलं नाहीस. बारावीतला तू टोकला असतास. आता कव्हर चकतीसकट परत चढव. थांब, बघ. काढ, बघ. परवानगी परत अंदाजे कर, बघ. कुणाचा किती गुन्हा, ते वहीत लिही. हो, वही. आतून माझी घेऊन ये.

आणि समज, एवढं करूनही उद्या शेतात नाहीच लागलं. तसंही असू शकतं, फोन खरोखर सदोष निघतात, मी कंपनीचा जावई नाही. मग जीपीएसटेस्ट नावाचं फुकटचं अॅप घे. त्यात एकेक उपग्रह दिसतो आणि त्याच्या सिग्नलचा आकडा. आकडा चाळिशीच्या आसपास असेल तर कान ठणठणीत आहेत. उघड्यावर पंधरा मिनिटं थांबून सगळेच आकडे विशीत रखडत असतील, आणि शेजारी ठेवलेल्या आप्पांच्या जुन्या फोनवर चाळीस येत असतील, तर दोष तुझ्या फोनच्या अँटेनात. मग वेळ, जागा, दोन्ही फोनचे आकडे लिहून, पडद्याचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि टेबलावर ठेव. "जीपीएस चालत नाही हो" हे तिथला पोरगा दिवसातून पन्नासदा ऐकतो आणि अपडेट मारून परत पाठवतो. पुरावा समोर आला की त्यालाही खुर्चीत सरळ बसावं लागतं. बदलून मिळायची मुदत किती होती? सात दिवस? आज कितवा? नववा. त्यातले निम्मे दिवस तू गोठ्यात काढलेस.

आप्पांची नोंद कधीच झाली, माहीत आहे ना? आप्पा चौथी पास. पाच वर्षांचा फोन, काचेला तडा. ते चिखल तुडवत शेताच्या मधोमध गेले, कपाळावर हात धरून उभे राहिले, फोटो काढला, घरी आले. तुझ्या सातबाऱ्यावर सोयाबीन लागलं नाही आणि उद्या नुकसान झालं, तर पंचनाम्याला आलेल्या माणसाला काय सांगणार आहेस? बूस्टर उतरवला होता?

उद्या सकाळी साडेसहाला. ओढ्यापाशी. फोन पूर्ण चार्ज, कव्हर घरी, डेटा चालू. मी येतोय, गुडघा दुखत असला तरी. शेताच्या मध्यावर पंधरा मिनिटं गप्प उभं राहायचं. पाऊस आला तरी शेडकडे बघायचं नाही. छत्री चालेल, कापडी आहे ती.

आणि ती वही दे इकडे. पहिल्या ओळीत काय लिहिलंस? "फोन नवीन असल्यामुळे..." खोड ते.