शस्त्राची संगत

जेम्स बाँड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शॉन कॉनरी उभा राहतो. काळा कोट, बो-टाय आणि छातीजवळ धरलेलं लांब नळीचं पिस्तूल. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (1963) या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी डेव्हिड हर्न या छायाचित्रकाराने ती छबी टिपली. दिवे लागले होते, नट तयार होता, पण बाँडचं पिस्तूल आणायचंच राहून गेलं होतं. हर्नला नेमबाजीचा छंद होता. त्याने स्वतःचं वॉल्थर कंपनीचं पिस्तूल पुढे केलं. ते होतं हवेच्या दाबावर चालणारं, छर्रे मारायचं. म्हणजे जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक असते, तिची थोरली बहीण. पोस्टरं छापली गेली, जगभर लागली. माणूस मारण्याचा परवाना बाळगणाऱ्या हेराची सगळ्यात गाजलेली प्रतिमा अशी खोट्या धाकावर उभी आहे. 2010 साली लंडनच्या क्रिस्टीजमध्ये त्या छर्र्याच्या पिस्तुलाला अडीच लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

मूर्ती पाथरवटाच्या अंगणात असते तोवर दगड असते, प्राणप्रतिष्ठा झाली की देव होते. इथे प्रतिष्ठा कोणी केली, हे उघड आहे: कॅमेऱ्याने. पण मग प्रश्न उरतो. शस्त्राचं पुण्य किंवा पाप त्या वस्तूत असतं, धरणाऱ्या हातात असतं, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत?

बाँडच्या खऱ्या पिस्तुलाची कथा या प्रश्नाला आणखी पीळ देते. कादंबरीकार इयान फ्लेमिंगने आपल्या नायकाला आधी छोटं बेरेटा दिलं होतं. जेफ्री बूथरॉइड या बंदुकांच्या जाणकार वाचकाने 1956 साली त्याला पत्र लिहून कळवलं की हे बायकांनी पर्समध्ये ठेवायचं पिस्तूल आहे, बाँडला शोभत नाही. फ्लेमिंगने सल्ला मानला. 1958च्या 'डॉक्टर नो' कादंबरीत बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके आलं, आणि त्याला ते शस्त्र सुचवणाऱ्या अधिकाऱ्याला फ्लेमिंगने नाव दिलं मेजर बूथरॉइड. तेव्हापासून हे पिस्तूल म्हणजे डौल, थंड डोकं आणि उंची दारू. आता हेही पाहा: एप्रिल 1945मध्ये बर्लिनच्या तळघरात हिटलरने स्वतःला संपवलं ते वॉल्थर पीपीकेनेच, असं इतिहासकार मानतात. 1979 साली दक्षिण कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने जेवणाच्या टेबलावर गोळ्या घातल्या, तेही पीपीकेने. त्या पिस्तुलाला यातलं काही चिकटलं नाही. कॉनरीचा डौल मात्र पक्का चिकटला. वस्तूला गुण लागतो आणि दोष लागत नाही, हा कर्मसिद्धांत फक्त चित्रपटातच चालतो.

वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात सीता नेमकी याच्या उलट बाजूने बोलते. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षसांपासून अभय दिलं आहे, आणि धनुष्य घेऊन तो पुढे निघाला आहे. सीतेला ते रुचत नाही. वैर नसताना हिंसा करणं हा दोष आहे, असं ती स्पष्ट सांगते आणि एक जुनी कथा ऐकवते. एक तपस्वी वनात तप करत होता. त्याचं तप मोडावं म्हणून इंद्र योद्ध्याच्या रूपात आला आणि आपलं खड्ग ठेव म्हणून त्याच्याकडे ठेवून गेला. ठेव हरवू नये म्हणून बिचारा तपस्वी ते सतत जवळ बाळगू लागला. कंदमुळं आणायला जातानाही खड्ग बरोबर. हळूहळू त्याचं मन क्रूर होत गेलं, तप सुटलं, आणि शेवटी तो नरकात गेला.

या कथेत कोणाचा दोष? तपस्व्याने कोणाला मारायचं ठरवलेलं नव्हतं. उलट त्याच्या हातून घडत होतं ते एक चांगलं कामच: विश्वासाने दिलेली वस्तू सांभाळणं. खड्गही आपण होऊन म्यानाबाहेर आलं नाही. बिघडली ती दोघांची संगत. सीता रामाला शस्त्र कायमचं टाकायला सांगत नाही. अयोध्येत परतल्यावर क्षत्रियाचा धर्म पुन्हा पाळ, वनात आहेस तोवर वनाला साजेसं वाग, एवढंच तिचं म्हणणं. राम तिची कथा खोडून काढत नाही. मी ऋषींना शब्द दिला आहे, तो मोडणार नाही, असं उत्तर तो देतो. प्रश्न एका पातळीवरचा आणि उत्तर दुसऱ्या. रामायण वाचणाऱ्यांनी या संवादाकडे जितकं लक्ष द्यायला हवं होतं तितकं दिलेलं दिसत नाही.

अमेरिकेतले बंदूकप्रेमी म्हणतात, बंदूक माणूस मारत नाही, माणूस माणसाला मारतो. विरोधक म्हणतात, बंदूकच मारते. फ्रेंच तत्त्वचिंतक ब्रुनो लातूर याने 1990च्या दशकात दोघांनाही बाजूला सारलं. हातात बंदूक आली की माणूस पूर्वीचा राहत नाही आणि हातात आलेली बंदूकही खणातली राहत नाही. कृती करतो तो दोघांचा मिळून झालेला तिसराच कोणी, असं त्याचं प्रतिपादन. सीतेच्या तपस्व्याला हे ऐकून नवल वाटलं नसतं. मानसशास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला. 1967 साली बर्कोविट्झ आणि लेपेज यांनी विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, मग चिडवणाऱ्याला विजेचे झटके द्यायची मुभा दिली. काहींच्या समोर टेबलावर शॉटगन आणि रिव्हॉल्व्हर, काहींच्या समोर बॅडमिंटनच्या रॅकेटी. बंदुका समोर असलेल्यांनी जास्त झटके दिले. पुढे हा प्रयोग पुन्हा करणाऱ्या सगळ्यांना तोच निकाल मिळाला नाही, म्हणून त्यावर फार भार टाकू नये.

चित्रपटाने मात्र दीर्घकाळ असं दाखवलं की नायकाला शस्त्राची बाधा होतच नाही. डॉन सीगल दिग्दर्शित 'डर्टी हॅरी' (1971) हे त्याचं ठळक उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोचा इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन, म्हणजे क्लिंट ईस्टवुड, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 29 वापरतो, .44 मॅग्नमचं. हे रिव्हॉल्व्हर तोवर मुख्यतः शिकारी वापरत. चित्रपटानंतर त्याला इतकी मागणी आली की दुकानांत ते मिळेनासं झालं. चित्रपटाचा शेवट बघण्यासारखा आहे. गुन्हेगार मेल्यावर हॅरी पोलिसाचा बिल्ला काढतो आणि पाण्यात भिरकावतो. रिव्हॉल्व्हर मात्र त्याच्याजवळच राहतं. कायदा बुडाला, शस्त्र तरलं. दोन वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा त्याचं नावच 'मॅग्नम फोर्स' होतं, आणि सुरुवातीची श्रेयनामावली संपेपर्यंत लाल पडद्यावर फक्त ते रिव्हॉल्व्हर धरलेला हात. नटाआधी शस्त्राचं दर्शन.

महाभारतात याच्या नेमकं उलट घडतं. अर्जुनाचा गांडीवावर इतका जीव की कर्णपर्वात तो थेट धर्मराजावर तलवार उपसतो. कारण एवढंच की कर्णाकडून घायाळ झालेला युधिष्ठिर संतापाने म्हणाला, तुझं गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. आणि असं म्हणणाऱ्याला ठार करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. कृष्णाने मध्ये पडून थोरल्या भावाचा जीव वाचवला. पुढे मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जाताना दरोडेखोर चालून येतात आणि अर्जुनाला त्याच गांडीवाला प्रत्यंचा चढवणं जड जातं. अखेर महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी वाटेत उभा राहतो आणि धनुष्य परत मागतो. अर्जुन ते पाण्यात सोडतो. पुढची वाट गांडीवाशिवाय चालायची असते. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रं आणि अवजारं पुसून, फूल वाहून पाटावर ठेवतात. त्या पूजेतही शस्त्राला हात न लावण्याचा एक दिवस असतो, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

हॉलिवूडमध्ये सीतेची कथा कोणाला दिसलीच नाही, असंही नाही. अँथनी मानच्या 'विंचेस्टर '73' (1950) मध्ये नायक जेम्स स्टुअर्ट आहे, पण कथा फिरते ती एका रायफलीमागे. नेमबाजीच्या स्पर्धेत तो ती जिंकतो, लगेच ती चोरली जाते, आणि मग जुगारातून, व्यापाऱ्याकडून, हल्ल्यातून ती एकेका हाती जाते. एक नायक सोडला तर ती ज्याच्या मालकीची होते तो मरतो. स्टुअर्टला रायफल परत मिळते, ती स्वतःच्या सख्ख्या भावाला मारून. स्टुडिओने या चित्रपटाच्या निमित्ताने त्या जातीच्या दुर्मीळ रायफली शोधण्याची मोहीमही राबवली. म्हणजे कथा शापाची, आणि जाहिरात त्याच शापित वस्तूची!

'टॅक्सी ड्रायव्हर' (1976) तर जणू त्या तपस्व्यावरच बेतलेला आहे. लेखक पॉल श्रेडर कडक कॅल्विनपंथी घरात वाढला. सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने चित्रपट पाहिला नव्हता. ट्रॅव्हिस बिकल हॉटेलच्या खोलीत बंदुका विकत घेतो, तेव्हा मार्टिन स्कोर्सेसीचा कॅमेरा मॅग्नमच्या नळीवरून सावकाश सरकत जातो. आणि त्यानंतर ट्रॅव्हिस व्रत घेतो! व्यायाम, खाण्यावर ताबा, गोळ्या बंद, ज्योतीवर धरलेली मूठ. रामायणातल्या तपस्व्याचं तप खड्गाने मोडलं; इथे बंदुकीमुळेच तप सुरू झालं. दोघांची अखेर सारखीच, फक्त ट्रॅव्हिसला नरक मिळत नाही. वर्तमानपत्रं त्याला शूर ठरवतात. हा टोमणा काहींना कळला नाही. 1981 साली अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार करणारा तरुण याच चित्रपटाने झपाटलेला होता.

ईस्टवुडने मात्र स्वतःच्याच मूर्तीला हात घातला. 'अनफर्गिव्हन' (1992) त्याने दिग्दर्शित केला आणि लिओने व सीगल या आपल्या दोन जुन्या दिग्दर्शकांना अर्पण केला. त्यातला एक बढाईखोर पोरगा आपल्या स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरवरून स्वतःचं नाव मिरवतो: स्कोफील्ड किड. किती माणसं मारली, हे तो सांगत सुटतो. प्रत्यक्षात एकाला मारल्यावर त्याला रडू कोसळतं. हे शस्त्र आता मला नको, म्हणून तो ते म्हाताऱ्या विल मनीला देऊन टाकतो. दारू आणि खून दोन्ही सोडून डुकरं पाळणारा मनी ते घेतो, बाटली तोंडाला लावतो आणि गावात शिरतो. हातातली शॉटगन ऐन वेळी दगा देते, तेव्हा कामी येतं ते पोराने टाकून दिलेलं रिव्हॉल्व्हर. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर मजकूर येतो: मनी मुलांना घेऊन कुठेसा निघून गेला, लोक म्हणतात की कापडचोपडाच्या धंद्यात त्याचं बरं चाललं. गावाचं नाव सॅन फ्रान्सिस्को, हॅरी कॅलहनचं.