श्री. क यांचं घरभाडं

‘श्री. क हे मनमाड येथे एका खाजगी कंपनीत नोकरी करतात. मूळ वेतन दरमहा ५०,००० रु. घरभाडे भत्ता दरमहा १०,००० रु. प्रत्यक्ष दिलेले घरभाडे दरमहा ८,००० रु. जुन्या करपद्धतीनुसार करमुक्त घरभाडे भत्ता काढा.’

बी.कॉम.च्या मुलांना हे गणित झोपेतून उठवून विचारलं तरी यावं. तीन रकमा मांडायच्या आणि त्यांतली सर्वांत लहान घ्यायची. मिळालेला भत्ता १,२०,०००. वर्षाच्या भाड्यातून वेतनाचे दहा टक्के वजा केले, म्हणजे ९६,००० उणे ६०,०००, की उरतात ३६,०००. वेतनाचे चाळीस टक्के २,४०,०००. (मुंबईत राहत असते तर पन्नास टक्के. १९६१च्या कायद्याखालच्या पुस्तकांत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई एवढीच चार शहरं मोठी. मनमाड कितीही मोठं जंक्शन असलं तरी इथे चाळीसच.) उत्तर ३६,०००. तेवढा भत्ता करमुक्त, उरलेले ८४,००० करपात्र. पूर्ण गुण.

मी अडतो तो ‘प्रत्यक्ष दिलेले’ या दोन शब्दांवर. पुस्तकात या शब्दांवर कोणी शंका घेत नाही, घ्यायचीही नसते. दिलेली माहिती खरी मानायची, हा सरावाच्या गणिताचा पहिला आणि कुठेच न छापलेला नियम.

आता तीन श्री. क डोळ्यांसमोर आणा. पहिले खरोखर भाड्याने राहतात. दुसरे वडिलांच्या घरात राहतात, पण दर महिन्याला वडिलांच्या खात्यात ८,००० रुपये भरतात आणि वडील ते आपल्या उत्पन्नात दाखवतात. कायद्याला याचं वावडं नाही. तिसरेही वडिलांच्याच घरात राहतात, देत काहीच नाहीत. स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणतात आणि मार्च महिन्यात एका बैठकीत बारा पावत्या लिहून काढतात. पेनं मात्र दोन-तीन वापरतात. गणित तिघांचं एकच आहे. उत्तरही तिघांचं एकच, ३६,०००. दुसरी कुठलीही वजावट नाही असं धरलं, तर वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचलेला कर ७,४८८ रुपये. हाही तिघांचा सारखाच.

तिसऱ्या श्री. क यांचा अभ्यास कच्चा नाही. वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, हे त्यांना पाठ आहे. म्हणून पुढच्या वर्षी ते महिन्याला ८,३०० दाखवतील, ९,००० दाखवणार नाहीत. खोटं बोलायलाही नियम नीट यावे लागतात, आणि ते नियम आपणच शिकवतो. इथूनच काही लोक म्हणतात की कॉमर्सचं शिक्षण म्हणजे पळवाटांचं शिक्षण. मला हे पटत नाही, पण ते का पटत नाही हे सांगायला थोडं हिशोबाच्या वहीकडे वळावं लागेल.

आपल्या पुस्तकपालनाच्या पुस्तकातले शब्द जुने आहेत. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत. दुहेरी नोंदीची पद्धत मात्र छापील पुस्तकात पहिल्यांदा नीट समजावली ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने, व्हेनिसमध्ये, १४९४ साली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा. मग दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात. तेरीज जुळते तो क्षण ज्याने अनुभवलाय त्याला त्याचं सुख माहीत आहे. रात्री साडेअकराला दोन्ही बेरजा सारख्या येतात आणि हे जग कोणीतरी नीट रचलंय असं वाटून जातं.

पण त्याच धड्यात पुढे, तेरजेला न दिसणाऱ्या चुकांची यादीही असते. जो व्यवहार लिहिलाच नाही, तो तेरजेला दिसत नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं तर तेही दिसत नाही. मुलं ही यादी चार गुणांसाठी पाठ करतात. खरं तर सगळ्या पुस्तकात धोक्याची पाटी म्हणावी अशी जागा हीच. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. तोवर त्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतच होत्या. जुळणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली जमली की दुसरीचा विसर पडतो.

मग या गणितांत खरेपणाचं शिक्षण काहीच नाही का? मला वाटतं आहे, पण ते आपण समजतो तिथे नाही. ते एका फारच साध्या ओळीत आहे: ‘मालकाने २,००० रु. चा माल घरगुती वापरासाठी उचलला.’

किराणा दुकान असलेल्या घरात वाढलेल्या मुलाला ही ओळ पहिल्यांदा वाचून हसू येतं. दुकान आपलं, साखर आपली, घर आपलं. आई सांगते, ‘जा रे, दुकानातून अर्धा किलो साखर आण,’ आणि तो आणतो. यात लिहायचं काय? पुस्तक म्हणतं, लिहायचं. उचल खात्याच्या नावे, खरेदी खात्याला जमा. दुकान वेगळं, मालक वेगळा. मालकाने घातलेलं भांडवलसुद्धा दुकानाच्या लेखी मालकाचं देणंच.

ही कल्पना दिसते तेवढी सरळ नाही. स्वतःकडे तिऱ्हाइतासारखं पाहायला ती सांगते. माझ्याच गल्ल्यातून मी घेतलेल्या पैशाची नोंद एखाद्या अनोळखी माणसाने घेतल्यासारखी करायची, नेलेल्या साखरेला ‘आपलंच तर आहे’ म्हणून माफी नाही. नीतिशास्त्राचे जाडे ग्रंथ माणसाला जे करायला सांगतात ते हेच, की स्वतःला सवलत देऊ नकोस. अकरावीतला मुलगा ते एका ओळीत करतो, आणि आपण काही थोर केलं असं त्याला वाटतही नाही. मला तर हे फार आवडतं. उपदेश नाही, नुसती एक नोंद.

अडचण एवढीच की गणितात ती ओळ दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेली असते. घरच्या वहीत ती आपल्यालाच सुचावी लागते.

कांद्याचं उदाहरण घ्या. मनमाडच्या आसपास, लासलगावच्या बाजारपेठेच्या छायेत, एकाच घरात शेती आणि व्यापार दोन्ही असणं नवलाचं नाही. समजा, थोरला भाऊ शेती करतो, धाकटा कांद्याचा व्यापार. स्वतःच्या शेतातला कांदा चाळीत चार महिने ठेवून विकला तरी ते शेतीचं उत्पन्न, म्हणजे करमुक्त. (दुसरं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं ५,००० च्या वर, तर करदर ठरवताना ते मोजतात, पण ते असू द्या.) बाजारातून घेऊन विकलेला कांदा मात्र धंद्याचा, त्याच्या नफ्यावर कर. अंगणात दोन ढीग शेजारी शेजारी पडलेत. रंग तोच, वास तोच. सातबाऱ्यावर पीकपेऱ्यात कांदा आहेच. वर्षअखेरीला धाकट्याच्या ढिगातले काही क्विंटल थोरल्याच्या ढिगात सरकले, तर ते पाहणारं कोण आहे? पुस्तकात एवढंच येतं: ‘शेतीचे उत्पन्न २,००,००० रु.’ ढीग कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते त्या ओळीच्या आधीच ठरून गेलेलं असतं. पळवाटा शिकवण्याचा आरोप मला पटत नाही तो यामुळे. हिशोब चुकतो तो आकडेमोडीत नव्हे. तो माहिती लिहिताना चुकतो, आणि माहिती लिहायला आपण कधी शिकवतच नाही.

इथे कोणी म्हणेल, आता हा प्रश्नच उरला नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, नोकरदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट. घरभाड्याची सूट त्या पद्धतीत मिळतच नाही. आपल्या तिन्ही श्री. क यांचा कर शून्य. तिसऱ्यांनी पावतीपुस्तक रद्दीत टाकलं.

ते प्रामाणिक झाले का? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं होतं. हा दुकानदार लहान मुलालाही सगळ्यांच्याच भावाने माल देतो, कारण नाव खराब झालं तर गिऱ्हाईक तुटेल. कांट म्हणतो, त्याचं वागणं योग्य आहे, पण त्याला कर्तव्यबुद्धीचं मोल नाही. मी कांटइतका कडक नाही. मोह काढून घेणारा कायदा मला चांगलाच वाटतो, सगळ्यांनी रोज परीक्षा द्यावी अशी माझी मागणी नाही. फक्त पावतीपुस्तक टाकलेल्या माणसाबद्दल आपल्याला काही नवं कळलं, असं मी म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यात शिकवणीच्या वर्गात मी गणित उलटं घातलं. फळ्यावर लिहिलं, ‘करमुक्त घरभाडे भत्ता ३६,००० रु.’ आणि म्हटलं, उत्तर हे आहे, गणित तुम्ही लिहा. बहुतेकांनी आकडे बरोबर बसवले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र थांबली होती.

“सर, भाडं कोणाला दिलं ते लिहायचं का?”

“लिही की.”

तिने लिहिलं, ‘श्री. ख यांना.’ थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. “मग त्यांच्या उत्पन्नातही ९६,००० यायला पाहिजेत ना? घरपट्टी त्यांनीच भरली असेल तर आधी ती जाईल.”

“समज, या वर्षी भरली नाही.”

पान उलटून तिने वर नवं शीर्षक घातलं, श्री. ख यांचे घरमिळकतीपासूनचे उत्पन्न. वार्षिक भाडे ९६,०००, वजा तीस टक्के २८,८००, बाकी ६७,२००.