विषाची वेळ

फवारणी संध्याकाळी करा, पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो टाळा, असा सल्ला आपल्याकडे कृषी अधिकारी वर्षानुवर्षं देत आले आहेत. सल्ला शहाणपणाचा आहे. मधमाशी उन्हात हिंडते, दिवस कलला की पोळ्यात परतते. रात्रीतून पानावरचं द्रावण वाळतं, काही औषधांचा जोर सकाळपर्यंत बराच ओसरतो. डाळिंबाच्या बागेत किंवा कांदा बीजोत्पादनाच्या शेतात पेट्या ठेवणाऱ्याला फवारणीची आधी कल्पना दिली, तर तो रात्रीच पेट्यांची दारं बंद करतो. या सगळ्यामागे गृहीतक एकच: विषाची एक वेळ असते, माशीची एक वेळ असते, आणि दोघांची गाठ पडू दिली नाही की झालं.

हे गृहीतक मुळात पेटीतल्या माशीकडे बघून बांधलेलं आहे. आग्या माशी चांदण्या रात्रीही फुलांवर जाते. भीमाशंकरच्या जंगलात संशोधक हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाशीच्या नात्यातल्या ज्या भुंग्यांचा अभ्यास केला, त्यांतली एक जात तर चंद्र नसतानाही, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात उडते. त्यांची दारं कोण बंद करणार? तरीही बहुतेक माश्या दिवसाच्याच, म्हणून नियम निभावून जात होता.

१९९०च्या दशकात मात्र वेळ हा शब्दच निरर्थक ठरवणारी औषधं बाजारात आली. इमिडाक्लोप्रिड आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे निओनिकोटिनॉइड गट, आंतरप्रवाही आहेत. बियाण्याला चोळले की रोपाबरोबर वर चढतात, रसातून पानात जातात आणि पुढे फुलाच्या परागात आणि मकरंदातही अल्प प्रमाणात उतरतात. शेतकऱ्याचा यात खरा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. कोवळ्या कपाशीला मावा-तुडतुड्यांपासून पहिले काही आठवडे संरक्षण मिळतं, एक-दोन फवारण्या वाचतात. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली, हे ज्याला आठवतं तो पाठीवरचा पंप कमी वेळा उचलण्याची किंमत जाणतो. पण माशीच्या बाजूने पाहिलं तर आता फवारणीची संध्याकाळ उरलीच नाही. फूल उमललं की विष तिथे आहेच, सकाळी, दुपारी, रोज.

याची पहिली मोठी तक्रार फ्रान्समधून आली. तिथे १९९४च्या सुमारास सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावणं सुरू झालं, आणि मधपाळ सांगू लागले की माश्या कामाला जातात त्या परत येत नाहीत. मेलेल्या माश्यांचा खच पडला असता तर पुरावा झाला असता. इथे प्रेतंच नव्हती. विषाची पारख तेव्हा प्रामुख्याने एका कसोटीवर होई: किती मात्रेने किती माश्या ठरावीक तासांत मरतात. त्या कसोटीवर परागातली मात्रा निरुपद्रवी ठरत होती. २०१२ साली फ्रेंच संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून, याच गटातल्या थायमेथोक्झामची न मारणारी मात्रा पाजून त्या दूर सोडल्या. परतीची वाट चुकलेल्या माश्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. एकेकटी माशी मरत नाही, पण वसाहतीचे कामकरी गळत जातात. फ्रेंच सरकारने मात्र सूर्यफुलावरची ती बीजप्रक्रिया १९९९ मध्येच थांबवली होती, पुरावा पुरता हाती येण्याआधी. मला हा निर्णय धाडसी वाटतो.

युरोपीय संघाला मात्र वेळेचा मोह लवकर सुटला नाही. २०१३ साली तीन निओनिकोटिनॉइडांवर बंधनं आली, पण माश्यांना ओढणाऱ्या पिकांपुरती. हिवाळी धान्यं वगळली, फुलोरा संपल्यावर काही पिकांत वापराला मुभा राहिली. म्हणजे जुनंच कॅलेंडर, जरा कडक. अडचण जमिनीत होती. बियाण्यावरच्या औषधाचा थोडाच अंश रोप उचलतं, बाकीचा मातीत आणि पाण्यात जातो, कित्येक महिने टिकतो. गव्हाला माशी येत नसेल, पण त्याच रानात पुढच्या हंगामात पेरलेल्या पिकाला येते, बांधावरच्या रानफुलांना येते, आणि जमिनीत बिळं करून राहणाऱ्या एकट्या माश्यांना तर कुठे जायचीही गरज नाही. म्हणून २०१८ साली उघड्या शेतातला या तिन्हींचा वापरच बंद झाला, पीक कुठलंही असो. फक्त कायमच्या हरितगृहांना सूट राहिली.

याची झळ लागलीच. २०२० मध्ये फ्रान्सच्या साखरबीटावर माव्याने विषाणूजन्य पिवळा रोग पसरवला, उत्पादन कोसळलं, आणि सरकारने आणीबाणी म्हणून बीजप्रक्रियेला पुन्हा परवानगी दिली. बीट फुलण्याआधीच काढतात, मग माशीचा संबंध काय, हा युक्तिवाद तेव्हाही पुढे आला. शेतकऱ्याच्या तोंडी तो खोटा नव्हता, पण मातीचा हिशेब त्यात नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा सवलती बेकायदा ठरवल्या. बीटवाल्यांच्या नुकसानीला उत्तर म्हणजे रोगाला तोंड देणारे वाण, आणि ते एका निकालाने तयार होत नाहीत.

आपल्याकडे ही औषधं सर्रास चालतात. कपाशीचं संकरित बियाणं पाकिटातूनच रंगीत, औषध लावलेलं येतं. ते लावायचं की नाही, हे शेतकऱ्याला कुणी विचारत नाही, आणि साधं बियाणं मागितलं तर दुकानात मिळणं अवघड. संध्याकाळी फवारायचं पथ्य तो पाळेलही. ज्या विषाची वेळ त्याच्या हातात नाही त्याबद्दलचा प्रश्न बियाणं विकणाऱ्याला आणि त्याला परवाना देणाऱ्याला विचारावा लागेल.