भरतीरेषेपलीकडे

कोकणच्या किनाऱ्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निसर्गरक्षणाचं खरोखरीचं काम झालं आहे. हे आधी सांगायला हवं. ऱ्हासाच्या कहाण्या लिहिण्या-वाचण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की काही सुधारलं तर त्याची नोंद राहून जाते, आणि मग ते कशामुळे सुधारलं हा त्याहून महत्त्वाचा प्रश्नही कुणी विचारत नाही.

कांदळवनांचंच पाहा. नव्वदच्या दशकात मुंबई-ठाण्याच्या खाड्यांलगतची तिवरं म्हणजे राडारोडा टाकायची जागा होती. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, झाडं वाळू द्यायची आणि वाळलेली जमीन पडीक म्हणून बांधकामाला मोकळी करायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली. कांदळवनांपासून पन्नास मीटरच्या आतली बांधकामं थांबवली आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याच्या ताब्यात द्यायला लावली. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. देशातला तो पहिला. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राची कांदळवनं २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होती, २०२१ मध्ये ती ३२४ वर पोचली. यातली काही वाढ उपग्रहचित्रं अधिक स्पष्ट झाल्यामुळे दिसते, आणि २०२३ च्या अहवालात आकडा ३१५ वर घसरलेलाही आहे. शिवाय ‘सार्वजनिक हित’ म्हटलं की न्यायालयाकडून तोडीची परवानगी मिळते; बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये ती मिळालीच. पण आज कुणाला तिवर तोडायचं असेल तर उच्च न्यायालयात जाऊन कारण द्यावं लागतं. २००५ पूर्वी रात्रीचा एक डंपर पुरत होता. याच काळात ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला.

कासवांची गोष्ट न्यायालयातून आलेली नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनारा फिरत असताना त्यांना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांच्या घरट्यांचा माग लागला. अंडी लोक खायला काढून नेत असत. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांशी बोलून, गावातल्याच तरुणांना सोबत घेऊन अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, तेव्हा ती संध्याकाळी-सकाळी समुद्राकडे सोडायची. पुढे ते पाहायला पर्यटक येऊ लागले, घराघरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली. आता आंजर्ले, गुहागर आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे पाऊलखुणा शोधत फिरतात. जिथे अंडी विकली जात, तिथे ती राखली जाऊ लागली.

मात्र या दोन्ही यशांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिवर हे झाड आहे, आणि कासवाचं घरटं वाळूत असतं. दोन्हींपर्यंत चालत जाता येतं. वनरक्षकाला तिथे उभं राहता येतं, सातबारा काढता येतो, हद्दीचा दगड रोवता येतो. ज्याला आपण किनाऱ्याचं संरक्षण म्हणतो ते बहुतांश भरतीरेषेच्या अलीकडचं आहे. पाण्याखाली जे जगतं, त्याला आपण अजून जवळजवळ हात लावलेला नाही. मला वाटतं, कोकणातल्या संरक्षणाचं पुढचं सगळं यश-अपयश या एका मुद्द्यावर ठरणार आहे.

कासव स्वतःच हे सांगतं. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला उपग्रह-टॅग लावलेली ‘बागेश्री’ ही ऑलिव्ह रिडले मादी दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. तिची अंडी आपण पन्नास दिवस जिवापाड जपतो. उरलेलं अख्खं आयुष्य ती ज्या पाण्यात काढते, तिथे ट्रॉलरची जाळी आहेत, तुटून वाहत राहिलेली जाळी आहेत, एलईडीचे झोत आहेत.

पाण्यातलं संरक्षण आपण कधीच करून पाहिलं नाही, असं मात्र नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा. तिथे प्रवाळ आहेत, समुद्री शैवाल आहे, खडकांच्या कपारींत माशांची पैदास होते. जागा अगदी योग्य निवडली होती. पण ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विश्वासात न घेता रेषा आखली गेली. अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, हा मालवणच्या मच्छीमारांनी त्याचा घेतलेला अर्थ होता, आणि कायद्याचा मजकूर वाचणाऱ्याला तो चुकीचा म्हणता येणार नाही. त्यांनी विरोध केला, तो पिढी उलटली तरी टिकला. विरोधामुळे अंमल झाला नाही आणि अंमल नसल्यामुळे गाभ्यात पर्यटन शिरलं. स्नॉर्केलिंगच्या होड्या, त्यांचे प्रवाळांवर पडणारे नांगर, पाण्यात टाकलं जाणारं खाणं, हे सगळं ज्या क्षेत्रात होतं ते कागदावर राज्यातलं सर्वाधिक संरक्षित समुद्राचं पाणी आहे.

इथे कायद्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्रात अभयारण्य जाहीर करण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचं रक्षण करणाऱ्या पुरेशा उपाययोजना केल्या पाहिजेत, अशी अट तेव्हा घातली गेली. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. जी अट पुढे कायद्यालाच आवश्यक वाटली, ती मालवणात कधी पाळलीच गेली नव्हती. पण १९८७ ची ती अधिसूचना नव्याने मांडून, त्या अटीसह पुन्हा लोकांसमोर ठेवण्याचं धाडस कोणत्याही सरकारने केलं नाही. मच्छीमारांना अडाणी विरोधक म्हणणारे निसर्गप्रेमी मी ऐकले आहेत. त्यांनी हा क्रम एकदा तपासावा.

वास्तविक समुद्र राखावा ही मागणी या किनाऱ्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने रापणकरांनीच केली आहे. रापण हे जाळं किनाऱ्यावरून ओढतात, शेकडो हात लागतात, मिळेल त्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. समुद्रात मासळी राहिली नाही तर पहिलं उपाशी राहणारं घर रापणकराचं. म्हणून पर्ससीन जाळ्यांविरुद्ध, कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध, एलईडी मासेमारीविरुद्ध मालवण-वेंगुर्ल्याचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर मर्यादा घातल्या आणि २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले, त्यामागे हा रेटा होता. जून-जुलैची मासेमारीबंदी या माणसांना जाचक वाटत नाही, कारण नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात लोटायची नाही ही त्यांचीच जुनी शिस्त. ज्यांना आपण संरक्षणाच्या आड येणारे समजलो, ते आपल्याआधी तिथे उभे होते.

म्हणूनच २०१८ च्या डिसेंबरमधल्या एका छोट्या सरकारी निर्णयाचं मोल मला मोठ्या अभयारण्यांहून जास्त वाटतं. जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो द्यायचा. कापलेलं जाळं म्हणजे बुडालेला हंगाम. तो तोटा एकट्या मच्छीमाराने सोसावा असं म्हणणं सोपं होतं, पण इथे सरकारने वाटा उचलला आणि अनेक प्राणी जिवंत समुद्रात परतले. भर समुद्रात, जिथे वनरक्षक कधीच पोचणार नाही, तिथे हे काम नाखवा आणि त्याचे खलाशी करतात.

सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात ट्रॉलरना चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी डोळ्यांची, जाळी देऊन पाहिली गेली, तीही याच वाटेवरची. नेहमीच्या जाळ्याचा तिरपा आस ओढ बसली की मिटतो आणि लहान पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात. वाढ न झालेली मासळी बाजारात आणायचीच नाही, असा नियम राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी केला. तो नियम पकडलेल्या मासळीचा आहे, आस पकडण्याआधीचा. दोन्ही एकत्र लागू केले तरच उपयोग.

सगळ्यात दूरचा प्रश्न आंग्रिया बँकेचा. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ही पाण्याखालची टेकडी विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. किनाऱ्याचा गाळ तिथवर जात नाही, म्हणून पाणी स्वच्छ आणि प्रवाळ समृद्ध. पण ती बारा सागरी मैलांच्या बाहेर आहे आणि वन्यजीव कायद्याची अभयारण्याची तरतूद प्रादेशिक समुद्रापुरतीच. राज्याने कितीही मनावर घेतलं तरी तिथे अभयारण्य जाहीर करणं त्याच्या हाती नाही. केंद्राच्या हाती आहे: सागरी क्षेत्रांविषयीच्या १९७६ च्या कायद्यानुसार विशेष आर्थिक क्षेत्रातला एखादा भाग निर्देशित करून तिथल्या पर्यावरणरक्षणाची तरतूद केंद्राला करता येते. कायदा जवळपास पन्नास वर्षं तयार आहे.

आणि उत्तरेला याच्या उलट दिशेने पावलं पडत आहेत. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष असताना, नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. भराव समुद्रात पडणार आहे, जमिनीवर नाही, म्हणून नुकसान कमी, असा युक्तिवाद तेव्हा अनेकदा ऐकू आला. भरतीरेषेपलीकडे काहीच नसतं असं मानल्याशिवाय हा युक्तिवाद उभाच राहत नाही. डहाणू-वाढवणच्या खडकाळ पाण्यात मासेमारी करणाऱ्यांना तिथे काय आहे हे पुरतं ठाऊक आहे.

२०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षित करण्याच्या जागतिक उद्दिष्टाला भारताने २०२२ मध्ये मान्यता दिली. त्या टक्क्यांच्या घाईत मालवणची चूक आणखी मोठ्या क्षेत्रावर होण्याचा धोका खरा आहे. म्हणून सुरुवात मालवणपासूनच करावी. १९८७ ची अधिसूचना मच्छीमार संस्थांसमोर नव्याने ठेवावी. रापण आणि पारंपरिक जाळ्यांचे हक्क तिच्यात लिहून द्यावेत, ट्रॉलर आणि पर्ससीनला तिथे पूर्ण मज्जाव असावा, पर्यटनाच्या होड्यांना नांगराऐवजी कायमचे बोये बांधून द्यावेत आणि डायव्हिंगच्या शुल्कातला वाटा राखणदारी करणाऱ्या गावांना मिळावा. सिंधुदुर्गाच्या आमदार-खासदारांनी ही मागणी विधानसभेत आणि संसदेत मांडावी, आणि मालवणला स्नॉर्केलिंगला जाणाऱ्या प्रत्येकाने होडीत बसण्याआधी नाखव्याला एकच विचारावं: नांगर कुठे टाकणार?